अनुभव धागा: आफ्रिकेत नेलेला वेस्टर्न

काउबॉय, घोडा, दोर, मोकळं मैदान. पन्नास-साठच्या दशकात हॉलिवूडने हा अख्खा संसार उचलून आफ्रिकेत मांडला. त्यातलं काय जमलं, काय फसलं आणि का? ज्यांनी हे सिनेमे बारकाईने पाहिलेत, त्यांनी लिहावं. कथा सांगत बसू नका, कुठे नजर ठेवायची ते सांगा.

मडगार्ड

'हातारी!' (१९६२) पासून सुरुवात करा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स. लेखिका ली ब्रॅकेट आणि छायालेखक रसेल हार्लन ही हॉक्सच्याच 'रिओ ब्राव्हो' या वेस्टर्नची माणसं. कथानक शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. प्राणिसंग्रहालयांसाठी जनावरं पकडणारी टोळी, तिचा बंगला, संध्याकाळी दारू नि पियानो, सकाळी पुन्हा मोहीम. हे रँचचंच वेळापत्रक आहे, फक्त टांगानिकातलं (आजचा टांझानिया).

पाठलागात नजर ट्रकवर ठेवा. पुढच्या मडगार्डवर खुर्ची ठोकलेली, तीत जॉन वेन, हातात लांब काठी, तिच्या टोकाला फास. ड्रायव्हर गाडी जनावराच्या बरोबरीने आणतो, काठीवाला फास मानेत टाकतो, मग काठी मोकळी होते आणि दोराचा ताण गाडीवर येतो. खरं कसब इथून पुढे. ब्रेक करकचून दाबला तर मानेला जीवघेणा हिसका बसतो, म्हणून वेग हळूहळू उतरवायचा. तोवर बाकीचे उतरून पाय बांधतात. हॉक्सने हे नटांकडूनच करून घेतलं, त्यामुळे नटाचा चेहरा, गेंड्याचं शिंग आणि गाडीचं चाक एकाच चौकटीत राहतं. आजच्या संगणकी गेंड्यांत ती धास्ती नाही, माझं तरी हेच मत.

घोड्याऐवजी ट्रक का, हेही लक्षात घ्या. त्सेत्से माशीच्या पट्ट्यात नगाना रोगाने घोडे टिकत नाहीत.

गुरांचा डॉक्टर

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. 'आफ्रिका टेक्सास स्टाइल' (१९६७, दिग्दर्शक अँड्र्यू मार्टन) केनियात घडतो. टेक्सासचे काउबॉय घोड्यावरून लासो (फासाचा दोर) टाकून रानजनावरं धरतात. पडद्यावर झकास, पण पुढचं दिसत नाही. पाठलाग लांबला की जनावराच्या स्नायूंत आम्ल साचतं, स्नायू तुटू लागतात, लघवी गडद तपकिरी होते. कुंपणात धडधाकट उभं दिसलेलं जनावर काही तासांत, कधी काही दिवसांनी मरतं. जिराफ, झेब्रा यांना हा धोका मोठा. दुपारचं ऊन असेल तर आणखी वाईट. साठच्या दशकात एटॉर्फिन या गुंगीच्या औषधाची सुई बंदुकीतून मारायची पद्धत रुळली आणि काठी-फासाचा धंदा मागे पडला. म्हणजे हे सिनेमे एका मावळत्या पद्धतीची नोंदही आहेत.

पायवाट

सगळ्यात सरळ उचल 'द नेकेड प्रे' (१९६५) मध्ये आहे. १८०९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन कोल्टर नावाच्या फासेपारध्याला ब्लॅकफूट या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी नागवं करून पळायला लावलं आणि मागे माणसं सोडली. कॉर्नेल वाइल्डने तोच प्रसंग आफ्रिकेत नेला, कारण तिथे चित्रीकरण स्वस्तात होत होतं. संवाद जवळपास नाहीतच. पाठलाग करणाऱ्यांच्या बोलण्याला उपशीर्षकंही नाहीत. तरी केन गॅम्पूचा योद्धा लक्षात राहतो, कारण आपला माणूस पडला की तो थांबतो, शोक करतो, मग पुढे निघतो. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये रेड इंडियनांच्या वाट्याला हे क्वचितच यायचं. बाकी ग्रेट ट्रेकवरचा (दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांचं स्थलांतर) 'अनटेम्ड' (१९५५) घ्या. वर्तुळात लावलेले बैलगाडे आणि बाहेरून हल्ला, अपाचींच्या जागी झुलू. बस्स.

मचाण

'द घोस्ट अँड द डार्कनेस' (१९९६) आपल्याकडच्यांनी पाहावा. १८९८, केनियातलं त्सावो, रेल्वेचा पूल, दोन नरभक्षक सिंह आणि हिंदुस्थानातून नेलेले मजूर. त्यांच्यातला अब्दुल्ला म्हणजे ओम पुरी. आता वेस्टर्न कुठे? मायकल डग्लसचा रेमिंग्टन: बाहेरून आलेला, अमेरिकन यादवीत पोळलेला बंदूकवाला. हे पात्र बनवलेलं आहे. प्रत्यक्षात दोन्ही सिंह पूल बांधणाऱ्या पॅटरसनने मारले. दुसरी गफलत आयाळीची. त्सावोचे ते नर बिनआयाळीचे होते, शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेत. पडद्यावर मात्र भरदार आयाळ!

नायजर

आत्तापर्यंत सगळे बाहेरून आलेले. मुस्तफा अलासान यांचा 'ल रतूर द्यं अव्हांत्युरिए' (१९६६) बघा, जेमतेम अर्ध्या तासाचा. अमेरिकेहून परतलेला तरुण मित्रांसाठी काउबॉयचे कपडे आणतो. कपडे अंगावर चढताच टोळी नायजरमधल्या गावात हाणामाऱ्या नि चोऱ्या करू लागते. म्हणजे वेस्टर्न इथे साथीच्या रोगासारखा येतो. सिसाको यांच्या 'बमाको' (२००६) मध्येही मधेच एक नकली वेस्टर्न टीव्हीवर लागतो, डॅनी ग्लोव्हर त्यात आहे. पण तो छोटा तुकडा वेगळा काढून पाहू नका. आजूबाजूला अंगणात जागतिक बँकेवर खटला चालू आहे, आणि गोळीबार कोणावर होतोय हे त्या साक्षी ऐकल्याशिवाय कळत नाही.

मडगार्ड

@नायजर, बरोबर. त्यात 'फाइव्ह फिंगर्स फॉर मार्सेल्स' (२०१७) जोडा. दक्षिण आफ्रिकेचा, बराचसा सेसोथो भाषेत. डब केलेली आवृत्ती मिळाली तरी घेऊ नका, उपशीर्षकांसह मूळच पाहा.