घरच्यांनी मिळून ब्रुअरी? घर गहाण टाकायचे धंदे!

सदाशिवकर: आमच्या नात्यातल्या एका मुलाने आयटीतली नोकरी सोडली. आता वडील, भाऊ, बायको मिळून खराडीत ब्रुअरी काढणार. वडिलांनी फ्लॅट तारण ठेवला. बीअर करता आली म्हणजे धंदा करता येतो असं नाही. पुण्यात ही निव्वळ हौस झालीय. आणि ज्या घरात कुणी थेंब घेतला नाही, त्यांनी चारचौघांत सांगायचं काय?

मुंढव्याची_धाकटी: माझे दादा-वहिनी हेच करतात, म्हणून सविस्तर लिहिते. हौस म्हणता? मे महिन्यात रात्री लाइट गेली की टाक्या थंड ठेवणारा चिलर बंद पडतो आणि दादा जनरेटरकडे पळतो. एल, म्हणजे लवकर तयार होणारी बीअर, आंबताना अठरा-वीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते. यीस्ट तापलं की चव उग्र होते, मग अख्खी टाकी ओतून द्यायची. एलला दोनेक आठवडे, लागरला, म्हणजे थंडीत सावकाश आंबणाऱ्या बीअरला, महिन्याच्या वर. तोवर पैसा टाकीत अडकलेला, भाडं आणि पगार मात्र चालूच. परवान्याची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरली ते वेगळंच. कायदा अजून 1949 चाच आहे, दारूबंदीचा. वहिनी रबरी बूट घालून टाक्या कॉस्टिक सोड्याने धुते, मग पाण्याने, मग पुन्हा ॲसिडने. दिवसातलं निम्मं काम धुण्याचंच.

आणि चारचौघांचं म्हणाल, तर 2009 मध्ये पुण्यात कोरिंथियन्स हॉटेलात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हा लोक बिचकत असतील, आता नाही. आमच्या बाबांनी आयुष्यात घेतली नाही. बाजरीची पहिली एल नळातून आली तेव्हा त्यांनी ग्लास उजेडाला धरला, वास घेतला आणि म्हणाले, "भाकरी भाजल्यासारखा वास येतोय." त्यानंतर दुकानात हिशेबाला तेच बसतात.

वाघोली_टँकरवाली: पाण्याचं बोला. लिटरभर बीअरला पाच-सात लिटर सहज जातं. आमची सोसायटी टँकरवर जगते.

मुंढव्याची_धाकटी: माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, उकळलेला रस थंड करताना जे पाणी तापतं, ते पुढच्या बॅचला वापरतो.

वाघोली_टँकरवाली: आणि टाक्या धुतलेलं? तुम्हीच लिहिलंय, निम्मं काम धुण्याचं. ते गटारातच ना?

थेऊरचा_गोठेवाला: ताई, उसाला पाटाने किती पाणी सुटतं ते आधी बघा. ब्रुअरीचा माल्टचा चोथा आमच्याकडे येतो. ओला असतो, आंबायच्या आत त्याच दिवशी उचलावा लागतो. म्हशी आवडीने खातात, पेंडीचा खर्च वाचतो.

वाघोली_टँकरवाली: उसाकडे बोट दाखवून ब्रुअरी सुटत नाही. तुमच्या म्हशींना चोथा मिळावा म्हणून माझ्या सासूबाईंनी बादल्या चढवायच्या का चौथ्या मजल्यावर?

थेऊरचा_गोठेवाला: टँकर विहिरी उपसतात त्या आमच्याच गावांतल्या! तेव्हा कुणाला आमच्या बादल्या दिसत नाहीत.

सदाशिवकर: पाण्यावर नंतर भांडा. कष्ट आहेत, मान्य. हौस हा शब्द मागे घेतो, फक्त तुमच्यापुरता. पण एक सांगा, टाक्या धुणाऱ्या वहिनींना पगार मिळतो का?

मुंढव्याची_धाकटी: नाही. दादालाही अजून नाही. पण भागीदारीत निम्मा हिस्सा तिचा आहे, कागदावर. तुमच्या त्या मुलाला एवढंच विचारा: बायकोचं नाव भागीदारीत आहे, की नुसतं कर्जाला जामीन म्हणून?