डिमेन्शिया: काळजीची गरज ठरवायची कशावरून?

आराखडा_करणारी:
घरी राहणाऱ्या, मध्यम टप्प्यातल्या रुग्णाचा काळजी-आराखडा करायचा आहे. एमएमएसई (स्मरण-आकलनाची छोटी चाचणी) ३० पैकी १७. बाई म्हणतात, ‘माझं सगळं मी करते.’ सून म्हणते, ‘त्या काहीच करत नाहीत.’ दिवसाला किती तास मदत लागेल, हे कशावरून लिहायचं? सुनेवरच्या ताणाचं मूल्यमापन त्याच भेटीत उरकलं तर चालेल का?

ओटी_बोलतोय:
१७ या आकड्यावरून तास निघत नाहीत. एमएमएसई तारीख, स्मरण, भाषा तपासते. गरम-गार पाणी जुळवता येतं का, हे त्यात कुठेच नाही. शिक्षण कमी असेल तर तो आकडा आणखी फसवतो.

कॅट्झ सूचीतली (रोजची स्वतःची कामं जमतात का हे बघणारी) सहा कामं घ्या: आंघोळ, कपडे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. त्याला लॉटन सूचीतली (घर-व्यवहार सांभाळण्याची) आठ जोडा: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. यातलं जमेल तेवढं करायला सांगून बघा, नुसतं विचारू नका. कपडे समोर ठेवा आणि नेमकं कुठे अडतं ते टिपा. सुरुवातच होत नसेल तर एकदा आठवण करून दिली की भागतं. क्रम चुकत असेल तर शेजारी उभं राहून एकेक पायरी सांगावी लागते. बटणच लागत नसेल तर हात लावावा लागतो. कॅट्झमध्ये गुण १ किंवा ०, एवढंच. म्हणून हा तपशील शेजारी शब्दांत लिहा, तास त्यातूनच निघतात.

सांगून करून घ्यायला स्वतः करून देण्यापेक्षा जास्त वेळ जातो. त्यामुळे घरचे उरकून टाकतात. ‘काहीच करत नाहीत’ म्हणजे बऱ्याचदा ‘करू दिलं जात नाही’ एवढंच असतं.

शिवाय आठवडाभर, रात्री धरून, तासागणिक नोंद ठेवायला सांगा. एकटं सोडता न येणारे तास (गॅस, बाहेरचं दार, औषधं) वेगळ्या रंगाने दाखवा. हातांनी करायची मदत कमी आणि लक्ष ठेवणं जास्त, असंच चित्र मध्यम टप्प्यात सहसा दिसतं.

वॉर्डसिस्टर:
त्याआधी एक. बिघाड काही तासांत किंवा दिवसांत झाला असेल तर मूल्यमापन थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवीन औषध, न सांगता येणारं दुखणं, यांपैकी कशानेही डेलिरियम (अचानक येणारा मानसिक गोंधळ) होतो. तेव्हा भरलेला फॉर्म माणूस आहे त्यापेक्षा परावलंबी दाखवतो. चष्मा आणि श्रवणयंत्राची बॅटरीही बघा. एक भेट सकाळी, एक संध्याकाळी ठेवा, फरक दिसेल.

आधारगट:
सुनेशी वेगळं बोला, सासूबाईंसमोर तर नकोच. सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजणाऱ्या झारिट प्रश्नावलीत २२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, कमाल ८८. छोट्या आवृत्तीत १२ प्रश्न, कमाल ४८. माझ्या मते बेरजेपेक्षा ४ कुठे पडले ते महत्त्वाचं. प्रश्नावलीबाहेरचंही विचारा: रात्री किती वेळा उठावं लागतं, स्वतःची कुठली तपासणी लांबली, उचलताना पाठ धरते का, उद्या तीच आजारी पडली तर कोण येईल. ‘कधी हात उगारावासा वाटतो का?’ हेही सरळ विचारा, आरोपाचा सूर न लावता. आणि हे काम तिला पुढे करायचं आहे का, हे तर कुणी विचारतच नाही.

आराखडा_करणारी:
दोघींची मतं जुळली नाहीत तर आराखड्यात कुणाचं धरायचं?

ओटी_बोलतोय:
दोन्ही लिहा, सरासरी काढू नका. केन या वृद्धांच्या गरजा नोंदवायच्या साधनात याचीच सोय आहे: रुग्णाच्या २४ बाबी, सांभाळणाऱ्याच्या २, आणि रुग्ण, नातेवाईक, कर्मचारी यांचे वेगळे रकाने. प्रत्येक बाबीला ‘गरज नाही’, ‘गरज भागते’ किंवा ‘भागत नाही’. घरचे बहुधा सुरक्षिततेबद्दल बोलतात. रुग्णाच्या रकान्यात सोबत आणि दिवसभर हाताला काम नसणं येतं. ‘भागत नाही’ लिहिलेल्या ओळीपुढे कोण, काय, कधीपासून हे भरा. फेरतपासणी सहा महिन्यांनी. पडणं, रुग्णालयात दाखल होणं किंवा सांभाळणारी व्यक्ती बदलणं, यांपैकी काही झालं तर लगेच.