मदत हवी आहे : नॅनोतंतूंची जाळी माध्यमात विरघळते

धागाकर्ती : जखमेवरील आवरणासाठी इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या उच्च दाबाने द्रावणातून बारीक तंतू ओढून) केलेली माझी जाळी कोरडी असताना उत्तम दिसते आणि तंतूही एकसारखे, साधारण ३०० नॅनोमीटर जाडीचे आहेत, परंतु ३७ अंशांच्या माध्यमात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) ठेवली की अर्ध्या तासात तिचा बुळबुळीत गोळा होतो. सोमवारी पेशी पेरायच्या आहेत, कृपया लवकर सांगावे.

तंतुवाय : पॉलिमर कोणता, द्रावक कोणता आणि क्रॉसलिंकिंग (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणे) केले आहे का, हे कळल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही.

जैवसाहित्य : मी नेहमी पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन) हे पॉलिमरच वापरतो, ते पाण्यात विरघळतच नाही. फक्त ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करू नका), कारण ते ६० अंशांच्या आसपास वितळते.

पेशीवर्धक : नुसत्या पीसीएलवर पाणी पसरत नाही आणि पेशीही नीट चिकटत नाहीत. शिवाय त्यांनी पॉलिमर बदलण्याविषयी विचारलेलेच नाही.

वाटसरू : तंतूंवर मणी (थेंबांसारख्या गाठी) येत असतील तर द्रावणातील पॉलिमरचे प्रमाण वाढवून पाहा.

धागाकर्ती : मणी नाहीत. ॲसिटिक आम्लातले जिलेटिन आहे. जिलेटिन म्हटले की क्रॉसलिंकिंग आलेच, म्हणून वेगळे लिहिले नाही. त्यासाठी डेसिकेटरमध्ये (झाकणाच्या बंद पात्रात) २५ टक्के ग्लूटाराल्डिहाइड या बंध जोडणाऱ्या रसायनाच्या वाफेत दोन तास ठेवले आणि जाळी पिवळसर झाली.

तंतुवाय : दोन्ही बाजूंनी?

धागाकर्ती : आत्ता उलटून पाहिली. तंतू ज्यावर जमा केले त्या फॉइलला चिकटलेली बाजू पांढरीच आहे.

तंतुवाय : मग दोष तिथेच दिसतो. पिवळेपणा ही बंध तयार झाल्याची खूण असते आणि फॉइलमुळे खालच्या थरांपर्यंत वाफ पोहोचलेलीच नाही. जाळी सोडवून चौकटीवर ताणून टांगा आणि वेळही वाढवा. मात्र वाफेतल्या ओलाव्याने तंतू जिथे एकमेकांवरून जातात तिथे चिकटतात, म्हणून नंतर पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

पेशीवर्धक : उरलेले ग्लूटाराल्डिहाइड पेशींना मारक असते, म्हणून मी त्याऐवजी जेनिपिन हे क्रॉसलिंकिंगचे दुसरे रसायनच सुचवेन.

तंतुवाय : जेनिपिन सौम्य आहे हे मान्य, पण ते सावकाश काम करते आणि सोमवार जवळ आला आहे. ग्लायसिन या अमिनो आम्लाच्या द्रावणाने ग्लूटाराल्डिहाइडचे मोकळे अल्डिहाइड गट (त्याची क्रियाशील टोके) बांधून जाळी अनेकदा धुतली, तर धोका बराच कमी होतो. आधी एक लहान तुकडा रात्रभर माध्यमात ठेवा आणि तो टिकला तरच पेशी पेरा.

धागाकर्ती : जाळी सोडवताना एक कोपरा फाटला, तोच तुकडा चाचणीसाठी वापरते.