रियाजातला 'आ' मैफलीत कशाला?

सड्यावरून (देवगड): काल देवळाच्या सभामंडपात गाणं होतं. बाईंचा गळा सुरेख, पण पहिली पंचवीस मिनिटं नुसता आकार, म्हणजे शब्दांशिवाय 'आऽऽ'! बंदिश सुरू झाली तेव्हा शेजारचे आजोबा घोरत होते. आकार, पलटे, खर्ज ही पहाटेची मेहनत. ती घरी करावी. आंब्याच्या पेटीत गवत घालावंच लागतं, म्हणून गिऱ्हाइकाला कोणी गवत विकत नाही.

खर्जवाली (रत्नागिरी): गवत?! आमच्या गाण्याच्या बाई समोर आरसा ठेवायच्या. वर चढताना 'आ'चा 'ॲ' झाला, जबडा आवळला, की पेटीचा भाता बंद. शब्द असले की असले दोष झाकले जातात. आकारात लपायला जागाच नाही. आणि रियाजाची चीज मैफलीत शोभत नाही हे कोणी ठरवलं? पॅरिसमध्ये हेटिच नावाच्या गानशिक्षकाने संगीतकारांकडून विद्यार्थ्यांसाठी बिनशब्दांचे धडे लिहून घेतले. त्यातला रावेलचा १९०७ चा धडा आज व्हायोलिन-चेलोवालेसुद्धा मैफलीत वाजवतात. रशियन संगीतकार रखमानिनोवच्या ऑपस ३४ या गीतसंचातलं चौदावं गाणं तर अख्खं आ, ई, ओ अशा एकाच स्वराक्षरावर, कुठलं अक्षर घ्यायचं ते गाणाऱ्याने ठरवायचं.

बुवा मालवणी: बाय, ता थंय. आमच्या डबलबारीत, दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवान नुसतो आऽऽ केल्यान तर माणसा उठान जातली. समोरच्या बुवाच्या सवालाक जवाब शब्दांनीच व्हयो. तराणो येगळो. तेच्यात 'तोम तनन' आसा, पखवाजवाल्याक धराक कायतरी गावता.

खर्जवाली: बुवा, 'तोम तनन'चा अर्थ काय हो? म्हणजे तुम्हाला अर्थ नकोच आहे, व्यंजनं हवीत! गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अंतराळात गेली. तिकडे कोणाला शब्द कळणार आहेत?

सड्यावरून: तिकडचं तिकडे, मला इकडे कळायला हवं ना! पण व्यंजनांचं बोललात ते खरं असावं. काल ठेका सुरू झाला आणि मी सावरून बसलो. आता बंदिशीचे शब्द आठवू म्हटलं तर एक आठवत नाही, मुखड्याची चाल तेवढी सकाळपासून डोक्यात घोळतेय.

पंचवीस मिनिटं मात्र जास्तच होती.