ग्रामपंचायतीत फायबर आलंय, गुऱ्हाळापर्यंत कसं आणायचं?

काहीलवाला: पन्हाळा तालुका, वाडीवर गुऱ्हाळ. ग्रामपंचायतीत भारतनेटची (गावोगावी फायबर नेण्याची केंद्राची योजना) पेटी आहे, तिथून आमची जागा दीड किलोमीटर. ऑनलाइन ऑर्डरी, बिलं आणि चार कॅमेरे चालवायचेत. मोबाइलचं नेट संध्याकाळी बसतं. सरकारी योजनेतून लाइन मिळते का? मागणी कुणाकडे करायची?

तालुक्याचा_माणूस: मिळू शकते, पण पेटी आहे म्हणून आपोआप नाही. 2011 ची मूळ योजना पंचायतीपर्यंत फायबर न्यायची होती, पुढचं घरोघरी कोण नेणार हेच लोंबकळत राहिलं. 4 ऑगस्ट 2023 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 1,39,579 कोटींचा सुधारित भारतनेट मंजूर केला. त्यात 2.64 लाख ग्रामपंचायती रिंगने (म्हणजे एकीकडून तुटलं तरी दुसरीकडून चालेल अशा) जोडायच्या आणि पंचायत नसलेली सुमारे 3.8 लाख गावं मागणीप्रमाणे. तुमची वाडी बहुधा या दुसऱ्या प्रकारात बसेल, म्हणून मागणी कागदावर हवी.

प्रकल्पाची जबाबदारी बीएसएनएलकडे आहे, गावात जोडण्या स्थानिक उद्योजक देतो. बीएसएनएलच्या कार्यालयात ‘आमच्या पंचायतीचा उद्योजक कोण?’ एवढंच आधी विचारा. राज्यात काही ठिकाणी जाळं महानेटचं (राज्य सरकारचं) आहे, तेही तिथेच कळेल. अर्ज एकट्याचा नको. दूध संस्था, किराणा, सेवा केंद्र, शेजारची गुऱ्हाळं मिळून आठ-दहा सह्या घ्या, कारण एका गिऱ्हाईकासाठी दीड किलोमीटर वायर ओढणं कुणालाच परवडत नाही. पोच घ्यायला विसरू नका.

जॉइंटवाला: लाइन येणार असेल तर आधी एक विचारा: स्प्लिटरवरून (एका फायबरचा प्रकाश अनेक जोडण्यांत वाटणारा भाग) देणार की पेटीच्या लॅन पोर्टवरून (नेटची साधी केबल लागते ते भोक)? लॅन पोर्टवरून घेतली आणि पंचायतीची वीज गेली की तुमचंही नेट गेलं, मग तुमच्याकडे इन्व्हर्टर असून उपयोग नाही. स्प्लिटरला वीज लागत नाही.

अंतराला घाबरू नका. दीड किलोमीटरला अर्धा डीबी जातो (डीबी म्हणजे प्रकाश किती घटला त्याचं माप). खरा प्रकाश खातो स्प्लिटर: 1:8 चा (एकाचे आठ करणारा) असेल तर दहा डीबीच्या वर. त्यात ढिले कनेक्टर आणि कच्चे जोड. बसवल्या दिवशी पॉवर मीटर (फायबरमधला प्रकाश मोजणारं यंत्र) लावायला सांगा. उणे 25 डीबीएमच्या आत आकडा आला तर ठीक, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे 27 च्या पुढे गेला की पावसाळ्यात लाइन सारखी तुटणार. हिरवा कनेक्टर निळ्यात घुसवलेला दिसला तर तिथेच थांबवा, दोघांची टोकं वेगळी घासलेली असतात.

आपल्याकडची दोन खास दुखणी: रस्ता ओलांडणारी वायर उसाच्या भरल्या ट्रॉलीत अडकते, आणि पाचट पेटवलं की बांधावरची वायर वितळते. रस्त्यावर उंच खांब घ्या, बांधाकडेने पाइपातून जमिनीखाली न्या. घरातली पेटी गुळाच्या काहिलीपासून लांब ठेवा, वाफ आणि काजळी दोन्ही वाईट. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो.

काहीलवाला: प्लॅन किती एमबीपीएसचा घ्यावा? आणि पीएम-वाणी घेतलं तर स्वस्त पडेल का?

तालुक्याचा_माणूस: सरकारी व्याख्येत 2 एमबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणतात, तेवढ्यावर जाऊ नका. एका कॅमेऱ्याला साधारण 2 एमबीपीएस अपलोड धरा, चारांना 8. डाउनलोडचा मोठा आकडा बघून भुलू नका, अपलोड वेगळं विचारा.

पीएम-वाणी, डिसेंबर 2020 ची योजना, लोकांना वायफाय विकण्यासाठी आहे. दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही. जून 2025 मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ठरवलं की अशा दुकानदाराला 200 एमबीपीएसपर्यंतची फायबर जोडणी घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही. गुऱ्हाळावर ट्रॅक्टरवाले-हमाल थांबत असतील तर बघा. पण आधी फायबर यायला हवं, वाणीमुळे ते येत नाही.

जॉइंटवाला: लाइन बंद पडली तर पेटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागलाय का ते आधी बघा. लाल असेल तर प्रकाशच येत नाहीये, बहुतेक फायबर तुटलंय, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही, तक्रार नंबर घ्या. लाल नसेल आणि ‘पॉन’ (फायबर जोडणीचा) दिवा नुसता लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय, पण पलीकडून नोंद होत नाहीये. तक्रारीत तसंच सांगा, म्हणजे पॉवर मीटर न आणता माणूस येणार नाही.