मदत हवी आहे: डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असताना काजूच्या भट्टीवर काम

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे, काजूची दारू गाळायची भट्टीही घरचीच. गेल्या पावसाळ्यापासून मी दारू सोडली आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने डायसल्फिराम चालू आहे (दारू सोडणाऱ्याला देतात त्या गोळ्या; त्या चालू असताना दारू पोटात गेली की त्रास होतो), लिव्हरची तपासणी वेळेवर होते, घरच्यांना सगळं ठाऊक आहे. त्यामुळे "आधी डॉक्टरांकडे जा" हे झालेलं आहे; पुढची तारीख मात्र हंगाम सुरू झाल्यावरची आहे.

बोंडू (काजूची फळं) गोळा करणं, बिया वेगळ्या काढणं याची भीती नाही. कोळंबीत (बोंडू तुडवून रस काढायच्या जागेत) बोंडू मळतानाही मन स्थिर असतं. खरी अडचण पुढची. आंबलेला रस भट्टीवर चढला आणि हुर्राक (पहिल्या धारेची काजूची दारू) ठिबकू लागला की तो वास अख्ख्या आवारात भरतो. त्यात गिऱ्हाईक बाटली घेऊन दारात, आणि "चाखून सांग रे, कशी उतरलीय" हे ठरलेलंच. भाऊ एकटा भट्टी सांभाळू शकत नाही. बोंडू दुसऱ्याला विकून पाहिले, पण भाव इतका पडका की बिया विकूनही वर्षाचा हिशेब जुळेना. बागायत पावणीवर (लिलावाने हंगामापुरती दुसऱ्याला) द्यायला आई तयार नाही.

या गोळ्या घेणाऱ्याला खोकल्याचं औषध, माउथवॉशसुद्धा जपून वापरायला सांगतात, अगदी आफ्टरशेव्हही. मग दिवसभर भट्टीच्या वाफेत उभं राहिल्याने चेहरा लाल होणं, धडधड, उलटी असं कुणाला झालंय का? आणि दारू सोडून घरच्याच भट्टीवर हंगाम काढलेलं कुणी असेल तर नेमकी कोणती कामं स्वतःकडे ठेवलीत, कोणती दुसऱ्यावर सोपवलीत?