मागच्या चाकालगतचे मडगार्ड (टायर हगर) खरोखर उपयोगी पडते का?

ताम्हिणीची वाट

माझ्याकडे २०० सीसीची, मागे मध्यभागी एकच शॉकॲब्झॉर्बर असलेली मोटारसायकल आहे. दर शनिवारी मी पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावला आईवडिलांकडे जातो आणि रविवारी परततो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरी पोहोचेपर्यंत शॉकॲब्झॉर्बरच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत लाल चिखल इतका घट्ट बसलेला असतो, की तो काडीने उकरून काढावा लागतो. कधी पत्नी सोबत असली, तर तिच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उमटतो तो वेगळाच.

सुट्या भागांच्या दुकानात स्विंगआर्मवर (मागचे चाक धरून त्याच्याबरोबर वरखाली हलणाऱ्या दांड्यावर) बसणारे, चाकाला अगदी लागून असलेले एक छोटे मडगार्ड दाखवले गेले. त्याने या दोन्ही तक्रारी मिटतील, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. माझ्या एका मित्राच्या मते मात्र ती केवळ शोभेची वस्तू आहे. ज्यांनी ते बसवून निदान एक पावसाळा काढला आहे, त्यांनी अनुभव सांगावा, ही विनंती.

पान्हा १२–१३

मी साताऱ्यात १९ वर्षे गाड्या दुरुस्त करतो. आपल्या दोन तक्रारींपैकी पहिलीवर हा उपाय चांगला आहे. दुसरीवर तो जवळजवळ निरुपयोगी आहे. दोन्हींचे कारण चाकाच्या फिरण्यातच आहे.

गाडी पुढे जात असताना चाकाचा मागचा भाग खालून वर येत असतो आणि माथ्यावरचा भाग पुढच्या दिशेने धावत असतो. टायरने रस्त्यावरून उचललेले पाणी त्या त्या ठिकाणच्या गतीच्या सरळ रेषेत सुटते. म्हणजे मागच्या बाजूने सुटणारे पाणी वर उडून मागे बसलेल्या माणसाच्या पाठीकडे जाते आणि माथ्यावरून सुटणारे पाणी थेट पुढे, शॉकॲब्झॉर्बरवर आदळते. आपल्या गाडीला १४०/७०–१७ मापाचा टायर असेल, तर त्याचा घेर सुमारे १९७ सेंटीमीटर भरतो; ताशी ६० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला साधारण साडेआठ फेरे घेतो आणि प्रत्येक फेऱ्याला वाळूमिश्रित पाण्याचा एक मारा त्याच जागेवर होतो. चाकालगतचे मडगार्ड माथ्यापासून पुढचा भाग झाकते, म्हणून हा मारा त्याच्यावर अडतो. पाठीवरचा पट्टा मात्र चाकाच्या मागच्या भागातून येतो, आणि तो भाग उघडाच राहतो. त्यासाठी नंबरप्लेटच्या खाली येणारे लांब मडगार्ड लागते. गाडी दिसायला सुटसुटीत व्हावी म्हणून ते कापून टाकण्याची पद्धत हल्ली फार वाढली आहे. आपलेही कुणी कापले असेल, तर आधी ते परत बसवावे.

सीटखाली, गाडीच्या सांगाड्याला पक्के केलेले मडगार्ड हे काम का करू शकत नाही, असे अनेक जण विचारतात. खड्ड्यात चाक वर उचलले जाते, म्हणून त्या मडगार्डला चाकाच्या पूर्ण उचलीइतकी जागा सोडावीच लागते. जुन्या ४११ सीसीच्या हिमालयनसारख्या गाडीत ही उचल १८० मिलिमीटर आहे. एवढ्या फटीतून चिखल सहज निसटतो. स्विंगआर्मवरचे मडगार्ड चाकाबरोबरच वरखाली होत असल्याने त्याला दोनअडीच सेंटीमीटरची फट पुरते.

चिखल दिसायला वाईट असतो, पण खरे नुकसान त्यातली बारीक वाळू करते. शॉकॲब्झॉर्बरच्या चकचकीत दांड्यावर ती बसते, दांडा आतबाहेर होताना आतले तेल अडवणाऱ्या रबरी सीलची कड खरवडते आणि एक दिवस तेल गळू लागते. खालच्या जोडदांड्यांतल्या बेअरिंगांचे ग्रीस पाण्याने धुऊन जाते. सर्व्हिसिंगमध्ये ती उघडलीच जात नसल्याने करकर ऐकू येईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक गाड्यांचा हा शॉकॲब्झॉर्बर दुरुस्त होत नाही, पूर्ण बदलावा लागतो. स्प्लेंडर किंवा क्लासिक ३५० सारख्या गाड्यांना दोन्ही बाजूंना शॉकॲब्झॉर्बर आणि वर मोठे मडगार्ड असते. त्यांच्या मालकांनी यावर पैसे खर्च करू नयेत.

काळी रानवाट

वरील विवेचन लाल मातीच्या आणि डांबरी रस्त्यांच्या बाबतीत मला पूर्ण पटते. तरीही परभणी, हिंगोलीकडच्या वाचकांनी ते वाचून लगेच खरेदी करू नये, म्हणून हे लिहीत आहे.

आमच्याकडची काळी माती पाण्याने वाहून जात नाही, ती चिकटते. गावापासून शेतापर्यंतचा अडीच किलोमीटरचा गाडीरस्ता जुलैत ओला झाला, की टायरभोवती मातीचा थर चढत जातो. दोन सेंटीमीटरची फट शंभर पावलांत भरते आणि चाक फिरायचे थांबते. मी हे मडगार्ड हौसेने बसवले होते. पेरणीच्या दिवसांत बियाण्याची पिशवी मागे बांधलेली असताना चाक असे अडकले, की भर पावसात उलथण्याच्या टोकाने माती काढत मला पाऊण तास बसावे लागले. त्यातच मडगार्डचा एक कान तुटला. आमच्या भागात पूर्वी पावसाळा लागला की लोक सायकलचेही मडगार्ड काढून ठेवत, आणि चिखलातल्या शर्यतीच्या गाड्यांचे मडगार्ड चाकापासून इतके उंच असते तेही याच कारणाने.

मी आता मृगाआधी ते काढतो आणि दिवाळीनंतर पुन्हा बसवतो. कोरड्या दिवसांत खडीच्या रस्त्यावर त्याचा उपयोग नाकारता येणार नाही. उडणारे खडे त्याच्यावर अडतात.

दापोली

विकतचे मडगार्ड घेण्यापूर्वी एक साधा उपाय करून पाहावा. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा हातभर रुंद तुकडा कापून तो चाक आणि शॉकॲब्झॉर्बर यांच्या मधोमध, वर सांगाड्याला आणि खाली स्विंगआर्मच्या आडव्या दांडीला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधावा. चाक वर उचलल्यावर तो टायरला घासणार नाही, इतका ताण ठेवावा. माझे तीन पावसाळे यावर निघाले आहेत. शॉकॲब्झॉर्बरभोवती गुंडाळायची कापडी वेष्टने मात्र मी काढून टाकली, कारण ती ओल धरून ठेवतात आणि आतली स्प्रिंग गंजते.

ताम्हिणीची वाट

सर्वांचे मनापासून आभार. माझे मागचे लांब मडगार्ड गाडी वापरलेली घेतली तेव्हापासूनच कापलेले होते, हे आज प्रथमच लक्षात आले. ते मागवत आहे. माणगावच्या घराकडचा शेवटचा कच्चा रस्ता मुरमाचा आहे, चिकट मातीचा नाही. त्यामुळे चाकालगतचे मडगार्डही बसवण्याचा विचार आहे. बसवताना काय पाहावे?

पान्हा १२–१३

आपल्याच गाडीच्या मापाचे, स्विंगआर्मवर कंपनीने दिलेल्या भोकांत बसणारे घ्यावे. त्यासाठी स्विंगआर्मला नवे भोक पाडायला कुणी सांगितले, तर नकार द्यावा. मागच्या ब्रेकची नळी आणि एबीएसच्या सेन्सरची तार त्याच बाजूने जाते; ती मडगार्डखाली दाबली जात नाही ना आणि टायरकडे झुकत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे. बोल्टच्या आट्यांना थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावावे आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेत, कारण सुटलेले मडगार्ड चाकात गेले तर गाडी पडते. चेन ताणताना चाक मागे सरकते, म्हणून दर वेळी फट पुन्हा मोजावी. पुढे रुंद टायर टाकायचा विचार असेल, तर मडगार्ड आधी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. पत्नी मागे बसत असल्याने साडीगार्ड जागेवर आहे का, तेही पाहून घ्यावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे चाक झाकणारे संरक्षण असणे आवश्यक आहे. चाकालगतचे मडगार्ड माथ्यावर बसते, बाजू झाकत नाही. त्यामुळे साडीगार्डचे काम ते करू शकत नाही.